चेंडू कुठूनही गोलच

सायकलचं चाक अंड्यासारखं होतं. आधी तिला वाटलं, आपण खुर्चीत वाकड्या बसलोय म्हणून तसं दिसत असेल. ती सरळ बसली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. चाक अंडंच राहिलं, उभं ठेवलेलं. आणि अशा दोन अंड्यांवर बसून तिचे बाबा हिरवळीवर गिरक्या घेत होते, गुडघे दोन्हीकडे फाकवून, कारण सायकल दादाची होती, लहान मुलाच्या मापाची. कॅमेऱ्यामागून मामाचा आवाज येत होता, "भाऊजी, इकडे बघा, इकडे! हात सोडून दाखवा!" बाबांनी हात सोडले, सायकल झोकांडली, बाबा "पडलो पडलो" म्हणत सावरले आणि स्वतःच मोठ्याने हसले. इतक्या वर्षांनी ते हसणं ऐकून तिचा गळा दाटून यायला हवा होता. आलाही असता. पण धंद्याची खोड वाईट. माणूस रडण्याच्या बेतात असतो आणि डोळा आपला चाकाकडे. तिने चित्र थांबवलं, स्क्रीनवर येणारं ऊन पडदा ओढून घालवलं आणि काचेला नाक लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं.

तिचं काम व्हिडिओ जोडण्याचं. लग्नं, शाळांची संमेलनं, दुकानांची उद्घाटनं असं तासन्‌तासांचं चित्रण तिच्याकडे यायचं आणि त्यातून माणसांना बघवेल तेवढं ती काढून द्यायची. घराच्या मागच्या खोलीत दोन स्क्रीन, एक टेबल आणि एक महागडी खुर्ची. खुर्ची कितीही खाली केली तरी तिचे पाय काही जमिनीला टेकत नसत, म्हणून खाली तिने एक लाकडी खोकं ठेवलं होतं. उंचीने ती बेताची आणि अंगाने भरलेली होती. घरात तिला गट्टू म्हणत, आणि तिशी उलटली तरी ते नाव काही झडलं नव्हतं. येत्या रविवारी आईचा वाढदिवस होता. दादाने फर्मान सोडलं होतं की आईवर एक छोटी फिल्म हवी, जुने फोटो, नातेवाइकांच्या शुभेच्छा, आणि मधोमध बाबांची टेप. ही टेप म्हणजे बाबांचं हलतं-बोलतं असं जगात उरलेलं एवढंच. तळ्याकाठच्या बागेत सगळे गेले होते, मामाने कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता. पुढच्याच वर्षी बाबा गेले, छातीत कळ आली आणि गेले. गट्टू तेव्हा पहिलीत होती. मामाने दुकानातून टेपची एक सीडी करून दिली आणि पुढची कित्येक वर्षं सुटी लागली की दोघं भावंडं ती लावून बसत, अगदी चरे पडून ती बंद पडेपर्यंत. बसत ती दोघंच. आई एकदाही बसली नाही. सायकलची घंटी वाजली की आई उठायची, "चहा टाकते," म्हणायची आणि स्वयंपाकघरात जायची. दुपार असो, भर उन्हाळा असो, चहा. मुलांनी कधी विचारलं नाही. आईला बघवत नाही, असं दादाने एकदा मोठ्या माणसासारखं तिला समजावलं होतं, आणि विषय तिथेच मिटला होता. यंदा मात्र तिने मनाशी ठरवलं होतं की आई बसेल. निदान एकदा बसेल. इतकी छान फिल्म करायची की आईला उठावंसंच वाटू नये. तिच्या डोक्यात एवढं एकच होतं, आणि त्यासाठी मामाच्या माळ्यावरून मूळ टेप शोधून आणून, ती चालवणारं यंत्र उसनं मिळवताना तिच्या नाकी नऊ आले होते.

आणि आता हे अंडं. सीडी बंद पडली तेव्हा ती शाळेत होती. या धंद्यात पडल्यावर ही टेप ती पहिल्यांदाच बघत होती, म्हणजे शिकलेल्या डोळ्यांनी पहिल्यांदाच. तिला काम शिकवलं त्या स्टुडिओच्या मालकांना सगळे काका म्हणत. काकांचा एक नियम होता. बाहेरून फुटेज आलं की आधी त्यातली माणसं बघायची नाहीत. माणूस जाड असू शकतो, काटकुळा असू शकतो, दार अरुंद असू शकतं, खिडकीचा तर भरवसाच नाही. "गोल शोध," काका म्हणायचे. "बशी, घड्याळ, चाक, मिळेल ते. गोल गोल दिसलं तर पुढे जा. नाही दिसलं तर माप चुकलंय, मग जोडत बसू नकोस." एकदा तिने कुणाचं अख्खं लग्न तसंच ताणलेलं जोडून दिलं होतं, वऱ्हाड सगळं बसकं आणि फुगलेलं. नवरीने फोनवर जो पाढा वाचला तो ऐकून तिने कानाला खडा लावला. तेव्हापासून गोल शोधल्याशिवाय ती पुढे जात नसे. त्यात एक खासगी पापही होतं. गिऱ्हाइकं लाडीगोडी लावत, "जरा बारीक करता येईल का हो?" आणि ती कधीकधी कुणाच्या लक्षात येणार नाही इतपत चित्र आत दाबून द्यायची. लोक खूश होऊन दुसरी गिऱ्हाइकं पाठवत. तेव्हा रुंदी म्हणजे काय चीज आहे आणि तिच्यावर माणसाचं किती सुख अवलंबून असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने फुटेजवर उजवं बटण दाबलं. तिथे एक पर्याय असतो, त्याचा सरळ अर्थ "या फुटेजचा अर्थ लावा" असा. तिला तो नेहमी गमतीचा वाटायचा, जणू यंत्र मान खाजवत विचारतंय, बाई, हे काय आहे ते तूच सांग. काय झालं होतं ते तिच्या ध्यानात आलंच होतं. त्या काळच्या कॅमेऱ्यांवर रुंद चित्राचं एक बटण असे. ते दाबलं की कॅमेरा रुंद चित्र घेई, पण टेपवर जागा चौकोनी टीव्हीपुरतीच, म्हणून दोन्ही बाजूंनी दाबून ते त्यात कोंबून ठेवी. बघताना ते पुन्हा मोकळं करायचं असतं. सीडी करणाऱ्या दुकानदाराला ते ठाऊक नसणार, आणि आता तिच्या प्रोग्रामनेही टेप जुन्या टीव्हीच्या मापाची धरून तशीच आत घेतली होती. नवशिके अशा वेळी चित्राचे कोपरे धरून हाताने ओढतात, मग एका ठिकाणी जुळतं आणि दुसरीकडे बिघडतं. खरं औषध मुळातच द्यावं लागतं. चित्र ज्या बारीक बारीक ठिपक्यांचं बनतं तो प्रत्येक ठिपका किती रुंद, ते फुटेजलाच सांगायचं. हिशोब सोपा होता, तीन होते तिथे चार. तिने आकडा बदलला आणि होकाराचं बटण दाबलं.

बाबा रुंद झाले. एका क्षणात, कुणी आत हवा भरावी तसे, खांदे बाजूला सरकले, पोट शर्टातून पुढे आलं, गाल भरले, आणि त्या पोरट्या सायकलवर एक बुटका, गोलमटोल, गुबगुबीत माणूस बसलेला दिसायला लागला. शर्टाची दोन बटणं जीव मुठीत धरून होती. ती मागे सरकली, खुर्ची भिंतीला आदळली. मग तिला हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचंच आहे की आणखी कशाचं हे तिला स्वतःलाही कळेना. कारण बाबा उंच होते. हे घरातलं पहिलं सत्य होतं. उंच, सडसडीत, लांबट चेहऱ्याचे बाबा. दादा वयात आला, ताडासारखा वाढला, तेव्हा सगळे म्हणाले, बापावर गेलाय. आणि दादा त्या दिवसापासून जो ताठ चालायला लागला तो आजतागायत. भिंतीवर बाबांचा एक फोटो होता, ओळखपत्रावरच्या चेहऱ्यावरून मोठा केलेला. त्यात चेहरा चांगला गोल होता. पण टेप हलती होती, बोलती होती, तेव्हा तीच खरी, आणि फोटोवाल्याने मोठा करताना चेहरा सुजवून ठेवला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. दादा तर अजूनही पाहुण्यांना सांगायचा, "फोटोवर जाऊ नका, ते प्रत्यक्षात बारीक होते." तिच्यावर तर त्या सीडीने वेगळाच आळ घेतला होता. टेपमधली सहा वर्षांची गट्टू म्हणजे नुसती काडी, फ्रॉकमध्ये उभी केलेली. त्यामुळे मावशीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा सिद्धांत पक्का होता: बाप गेला आणि पोर खायला लागली. दुःखाने फुगली. शाळेत, कॉलेजात, आरशासमोर, तिने स्वतःकडे तसंच पाहिलं होतं. आपल्या आत कुठेतरी एक बारीक मुलगी आहे आणि बाबा गेल्यापासून ती वर आलीच नाही, असं तिला वाटायचं. किती वेळा ती त्या मुलीसाठी उपाशी राहिली होती.

बोट बटणावर ठेवून ती बसून राहिली आणि डोक्यात वस्तू जागच्या हलायला लागल्या. बाबांच्या पँटींच्या पट्ट्या. नवी पँट आली की आई पाय उलटून माप घ्यायची आणि खालून चांगली वीतभर पट्टी कापून काढायची. करड्या, निळ्या, चौकड्यांच्या त्या पट्ट्या म्हणजे तिच्या बाहुल्यांची पांघरुणं. बाहुल्या गेल्या, पांघरुणांचा घट्ट विणीचा खरखरीतपणा बोटांना अजून आठवत होता. उंच माणसाच्या पँटीतून पट्ट्या कशा उरतील, हा प्रश्न तिला आयुष्यात पडला नव्हता. आणि छापखाना. बाबा कागद कापायच्या यंत्रावर होते. शनिवारी ती डबा द्यायला आईबरोबर जायची तेव्हा शाईचा आणि रॉकेलचा वास नाकात बसायचा, आणि बाबा वरून, उंचावरून, तिच्याकडे वाकून हसायचे. वरून. यंत्रापुढे एक लाकडी खोकं असायचं. ते बाबांच्या पायांखाली असायचं, जेवायच्या सुटीत ते उतरायचे आणि तिला त्याच्यावर बसवायचे. खोक्याची एक फळी सैल होती, ती पाय आपटून वाजवायची. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. तिचे दोन्ही पाय आपल्या खोक्यावर व्यवस्थित बसले होते. तिने टाच आपटली. आवाज तसाच आला, निदान तिला तसा वाटला. मग ती पुन्हा हसली आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली, "अहो बाबा, तुम्हीसुद्धा?"

दादाला कळवणं भाग होतं. तिने फोनवर सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. दादा बँकेत होता, त्याच्या मागे शिक्के मारल्याचा आवाज येत होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "म्हणजे बाबा बुटके होते, असं म्हणायचंय तुला?"

"मी नाही म्हणत. चाक म्हणतंय."

"कुठलं चाक?"

"तुझ्या सायकलचं. लाल सायकल, आठवते ना? तिचं चाक लांबट दिसतंय."

"चाक तिरपं असलं तरी लांबट दिसतं, गट्टू. एवढं तर मलाही कळतं." शिक्का वाजला. "हे बघ, बाबा उंच होते. सगळ्यांना माहितीये. तुझ्या त्या प्रोग्रामात काहीतरी गोंधळ असेल. आणि आईने एक तर कधी बघितलेलं नाही. पहिल्यांदा बसेल आणि समोर दुसराच माणूस? तिला काय वाटेल?" मग थोडं थांबून, आवाज उतरवून, "तुला ते तुझ्यासारखे हवेत म्हणून तर नाही ना हे?"

"ठेवते," ती म्हणाली. रागावली नाही, पण कोपऱ्याला कोपर आपटल्यावर मुंग्या येतात तसं काहीतरी झालं. दादाचं चुकलं नव्हतं. वाईट बोलण्यात थोडं खरं असलं की ते जास्त लागतं. खरंच, तिला ते तसे हवेतच होते. त्या क्षणी, बाबा रुंद झाले त्या क्षणी, तिला झालेला आनंद काही शास्त्राचा नव्हता. आयुष्यभर कुणावर गेलीस म्हणून विचारलं की घरचे एकमेकांकडे बघत, आणि कुणीतरी लांबची एक आत्या शोधून काढत. आता ती बाबांवर गेली होती. ज्या बाईने परक्या नवऱ्या बारीक केल्या तिने आपला बाप जाड केला, असं कुणी म्हटलं तर? आणि चाक खरोखरच तिरपं होतं. बाबा गिरक्या घेत होते, सायकल क्षणभरसुद्धा कॅमेऱ्याला सरळ आडवी येत नव्हती. नव्या मापात तीन-चार ठिकाणी चित्र थांबवून पाहिलं. एकीकडे चाक गोल वाटे, दुसरीकडे पुन्हा अंडं. तिने खिडकी उघडली, बंद केली. एक उपाय सुचला, अगदी समंजस, घरगुती. मधलंच काहीतरी करावं. बाबांना अर्धं मोकळं करावं, ना उंच ना बुटके, दादाही गप्प, तीही गप्प, आणि आई बघून घेईल. तिने तसा आकडा घालूनही पाहिला. पडद्यावर जो माणूस आला तो कुणाचाच बाप नव्हता. एखाद्या विमा कंपनीच्या जाहिरातीत छत्री धरून उभा असतो तसा बरा गृहस्थ. तिने घाईने आकडा पुसला.

काकांचं दुसरं वाक्य तिला त्यानंतर आठवलं. एकदा तिने विचारलं होतं, बशी तिरपी असेल तर काय करायचं? काका सुपारीचं खांड तोंडात इकडून तिकडे करत म्हणाले होते, "मग चेंडू शोध. बशी फसवते, चाक फसवतं. चेंडू कुठूनही बघ, गोलच." तिने टेप मागे नेली, अगदी सुरुवातीला. हिरवळ, चटई, पाण्याची बाटली, मामाचं बोट. आणि मग ती स्वतः. सहा वर्षांची, तोंड वेंगाडून, कॅमेऱ्यावर चिडलेली, दोन्ही हातांनी पोटाशी एक लाल रबरी चेंडू आवळून धरलेला. तो चेंडू घेऊन ती झोपायचीसुद्धा, त्याचा वास तिच्या उशीला लागायचा. दाबलेल्या चित्रात चेंडू पपईसारखा होता. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. तिने आकडा घातला, तिनाचे चार. चेंडू गोल झाला. तिने स्क्रीनवर पट्टी लावली, आडवी, मग उभी. दोन्हीकडे सारखाच. आणि चेंडूच्या पाठोपाठ तीही गोल झाली. गाल, दंड, गुडघ्यांवरच्या वळ्या, हनुवटीखालची आणखी एक हनुवटी. म्हणजे बाप जायच्या आधीपासूनच होती तशी. भरल्या घरात, धडधाकट बापाच्या देखत, भर उन्हात पोर गुबगुबीत उभी होती आणि कुणी तिचा चेंडू मागू नये एवढीच तिची चिंता होती. तिला त्या मुलीचा पापा घ्यावासा वाटला. आत कुणी बारीक मुलगी अडकलेली नव्हती. कधी नव्हतीच. तिने उठून स्वयंपाकघरातून दोन केळी आणली आणि दोन्ही स्क्रीनसमोर बसून खाल्ली.

खात्री झाली तरी साक्षीदार हवा म्हणून तिने मामाला फोन लावला. मामा आता निवृत्त, ऐकायला थोडा कमी, म्हणून ओरडून बोलायचा. "बटण? हो हो, होतं एक! मीच दाबलं! कॅमेरा दिला त्या पोराने सांगितलं, हे दाबलं की सिनेमासारखं येतं!"

"आणि सीडी बघितल्यावर तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना! म्हटलं, भाऊजी किती छान आलेत! कॅमेरा भारीतला आहे!"

"मामा, बाबा बुटके होते का रे?"

मामा नेहमीपेक्षाही मोठ्याने म्हणाला, "अगं, माझ्या खांद्याला लागायचे! पण तुम्ही पोरं इतकं उंच उंच करत होता, मला वाटलं मलाच नीट आठवत नाहीये!" मामा सहा फूट, तेव्हा त्याच्या खांद्याला बरेच लोक लागायचे. पण एवढं पुरे होतं.

रविवारी दुपारी दादाच्या घरी सगळे जमले, आई, दादा, वहिनी, मामा आणि ती. दादा दारातच तिला म्हणाला, "कुठले बाबा आणलेस?" ती म्हणाली, "चेंडूवाले." त्याला ते कळलं नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून तो वाद न घालता बाजूला झाला. सोफ्यावर आई मधोमध बसली, पाठीला उशी, हातात रुमाल. फिल्म सुरू झाली. आईच्या शाळेचा फोटो आला, मैत्रिणी आल्या, कुणाच्या वेण्या कुणाला शोभत नव्हत्या यावर चर्चा झाली. मावशीने दुरून शुभेच्छा दिल्या आणि शेवटी कॅमेरा बंद कसा करायचा म्हणून नवऱ्याला हाक मारली, तेही तिने मुद्दाम ठेवलं होतं. आई मनापासून हसत होती. गट्टूला मात्र ठाऊक होतं आता काय येणार. हिरवळ आली. मामाचं बोट आलं. कुठूनतरी सायकलची घंटी वाजली.

"चहा टाकते," आई म्हणाली आणि उठली.

वहिनी उठायला लागली, दादाने तिला मानेनेच थांबवलं. आई सवयीने टीव्हीकडे न बघता, भिंतीच्या कडेने, हळूहळू स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. एवढी छान फिल्म, आणि शेवटी चहाच. गट्टूने पाय सोफ्यावर ओढून घेतले. आपण लोकांची लग्नं दिवसदिवस बसून जोडतो, घरातलं एवढंसं जोडता येत नाही, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. पडद्यावर मामा ओरडला, "हात सोडून दाखवा!" बाबा म्हणाले, "पडलो पडलो!" आणि हसले. आईचा एक पाय स्वयंपाकघरात होता. आवाज तर तोच होता, तिने दरवेळी ऐकलेला. पण दाराशेजारी काचेचं कपाट होतं, आणि त्याच्या काचेत टीव्ही दिसत होता, आणि काचेत तिला काहीतरी दिसलं असणार. ती थांबली. वळली. बाबा सायकलवरून उतरून कॅमेऱ्याकडे चालत येत होते, छोटी छोटी घाईची पावलं टाकत, पोट आधी आणि बाकीचे मागून, कपाळाचा घाम मनगटाने पुसत.

"हे आले," आई म्हणाली.

एवढं साधेपणाने म्हणाली की दारात कुणी आल्यासारखं मामाने खरंच दाराकडे पाहिलं. आई परत येऊन सोफ्याच्या कडेवर बसली, पुढे झुकून. "हेच. हे असेच चालायचे. पावलं बघ, पावलं." चित्र संपलं तेव्हा म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं, आणि लावता लावता गट्टूने मामाच्या बटणाची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. दुसऱ्यांदा बघताना आई बोलायला लागली, कुणा एकाशी नाही, टीव्हीशीच म्हणा. "ती तुमची सीडी. मी पहिल्या दिवशी बघितली होती, तुम्ही शाळेत होतात तेव्हा. एक कुणी लांबुळका माणूस यांचा शर्ट घालून हिंडतोय. आवाज यांचा. हसणं यांचं. म्हटलं, मशीन कशाला खोटं बोलेल, माझंच काहीतरी चुकतंय. माझ्या कानाला लागतील एवढे तर होते हे. पण जितकं बघावं तितका तो लांबुळका डोळ्यांपुढे यायचा आणि हे पुसट व्हायचे. घाबरले मी. म्हटलं, असं बघत राहिले तर माझ्याजवळचे आहेत तेही जातील. म्हणून उठायचे."

"मग सांगायचंस ना आम्हाला!" दादा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"काय सांगू? तुम्हाला तो किती आवडायचा. तू त्याच्यासारखा ताठ चालायला लागला होतास. तो तुमचा बाप, हे माझे. कशाला मोडायचं?" आईने रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "गट्टू, उभी राहा जरा. तिथे, टीव्हीशेजारी."

ती उभी राहिली. पडद्यावर थांबलेले बाबा, शेजारी ती, पावलं तशीच फाकलेली, मनगट कपाळावर, कारण तिलाही घाम फुटला होता. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. नुसती मान हलवत राहिली, आणि वहिनीने तोंडावर हात दाबला पण हसू बोटांतून बाहेर आलंच. मग दादाही हसला, डोळे पुसत. "म्हणजे ही बाबांवर," तो म्हणाला. "मग मी कुणावर गेलो?" त्याच वेळी उशी नीट करायला मामा उठून उभा राहिला, सहा फूट, सडसडीत, लांबट चेहऱ्याचा, दादासारखाच पाठीत ताठ, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले तेव्हा गोंधळून ओरडला, "काय झालं? मी काय केलं?"

"बटण दाबलंस," आई म्हणाली.

हसणं ओसरायला वेळ लागला. गट्टूला वाटत होतं, आता पुढे काय बोलायचं असतं अशा वेळी, काही बोलायला हवं का. पण आईने आधीच तिचा हात ओढून तिला आपल्या शेजारी बसवलं होतं आणि दुसऱ्या हाताने दादाकडचा रिमोट मागत होती. रिमोट मिळाल्यावर तो उलटसुलट करून पाहिला, योग्य बटण सापडलं नाही म्हणून गट्टूच्या मांडीवर ठेवला, उशी पाठीशी ओढली, पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली. हिरवळ पुन्हा आली, घंटी वाजली.

"आता चहा टाका कुणीतरी," आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "मी बघतेय."